बेळगावातला पोएट्री स्लॅम दुसऱ्यांच्या हाती कसा द्यायचा?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. काही वर्षांपासून तुम्ही बेळगावात दर महिन्याला मराठी पोएट्री स्लॅम, म्हणजे मंचावर स्वतःची कविता म्हणून प्रेक्षकांतल्या परीक्षकांकडून गुण घ्यायची स्पर्धा, भरवता. हॉल ठरवण्यापासून नावं घेणं, सूत्रसंचालन, हिशेब, व्हिडिओ असं सगळं तुमच्याच अंगावर आहे. आता दमलात, स्वतःची कविता सुचेनाशी झालीय आणि यातून बाहेर पडायचंय. पण आपण सोडलं की हे बंद पडेल, नाहीतर कुणाच्या तरी बॅनरखाली जाईल, ही धास्ती आहे. म्हणून विचारलंत की उत्तराधिकारी कसा शोधू, आणि नंतर मी स्वतः कविता वाचायला गेलो तर चालेल का.

मी याच शहरात असा स्लॅम बरीच वर्षं चालवला आणि मग सोडला. तो आजही चालू आहे, माझ्याशिवाय. त्याआधी गावाकडच्या साहित्य संमेलनाच्या कार्यकारिणीतही राबलोय. त्यामुळे पुढचं सगळं इथल्या मातीतलं आहे. पुण्या-मुंबईच्या मंडळींना यातलं निम्मं लागू पडणार नाही.

पहिली गोष्ट म्हणजे उत्तराधिकारी शोधण्याचा प्रश्न वाटतो तेवढा मोठा नाही. स्लॅम चालवणं तसं सोपं काम आहे. मार्क स्मिथ नावाच्या, बांधकामावर काम केलेल्या कवीने १९८०च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेतल्या शिकागोत हा प्रकार सुरू केला, आणि १९८६पासून तो तिथल्या ग्रीन मिल या क्लबात भरू लागला. तेव्हापासून रूढ झालेले नियम एका पानात मावतात. कविता स्वतःची, वेळ तीन मिनिटं, वर दहा सेकंदांची सूट, त्यापुढे प्रत्येक दहा सेकंदांना अर्धा गुण वजा. वाद्य नाही, वेशभूषा नाही, हातात वस्तू नाही. प्रेक्षकांतून पाच परीक्षक उचलायचे, त्यांनी शून्य ते दहा गुण द्यायचे, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा आकडा गाळून उरलेल्या तिघांची बेरीज करायची. तीसपैकी किती ते कळतं, संपलं. कॉलेजातली कुठलीही चुणचुणीत पोरगी दोन कार्यक्रम बघून हे शिकते. अमेरिकेत राष्ट्रीय स्पर्धा भरवणारी मध्यवर्ती संस्था २०१८मध्ये बंद झाली, पण गावोगावचे स्लॅम काही तिच्याबरोबर संपले नाहीत. नियम लोकांच्या डोक्यात होते आणि माइक जागेवर होता.

मग तुमच्यापाशी असं काय अडकलंय, की तुम्ही गेलात तर कार्यक्रम कोसळेल असं वाटतं? माझ्या मते ती तुमची पत आहे. बेळगावात मराठी कार्यक्रमाला कुणीतरी जामीन लागतो. हॉलवाला तारीख देण्याआधी विचारतो, "कार्यक्रम कसला? भाषण-बिषण नाही ना?" त्यात त्याचं चुकत नाही. इथे कविता नुसती कविता कधीच नव्हती. १९४६च्या बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, माडखोलकर अध्यक्ष होते. १ नोव्हेंबर आला की एका रस्त्यावर कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक आणि दुसरीकडे बेळगाव महाराष्ट्रात नाही म्हणून मराठी माणसांचा काळा दिन. १७ जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना अभिवादन. सीमाप्रश्नाचा दावा २००४पासून सर्वोच्च न्यायालयात. अशा गावात तीस-चाळीस पोरं एका खोलीत जमून मराठीत ओरडून कविता म्हणणार, हे ऐकल्यावर खोलीचा मालक दोनदा विचार करणारच. तो हो म्हणतो ते तुमचं तोंड बघून. काही वाकडं झालं तर हा माणूस सामोरा येईल, एवढाच त्याचा हिशेब.

कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, बेळगुंदी इथली साहित्य संमेलनं आठवा. स्वागताध्यक्ष बदलतो, अध्यक्ष बाहेरून येतो, कार्यकारिणीत नवी नावं येतात, तरी ग्रंथदिंडी निघते. कारण तिथे अख्खा गाव जामीन असतो. शहरातल्या स्लॅमला गाव नसतो, एकटा माणूस असतो. म्हणून तुमचं खरं काम हे की एका माणसावरचा जामीन तीन-चार माणसांवर पसरवायचा. मंच, माइक, इन्स्टाग्राम नंतर देता येतं.

हे फोनवर होत नाही. नव्या दोघा-तिघांना घेऊन हॉलवाल्याकडे प्रत्यक्ष जा, आणि मालकाइतकंच महत्त्वाचं म्हणजे किल्ली ज्याच्याकडे असते त्या शिपायाकडे जा. मी गेलो तेव्हा त्या मामांनी सगळं नीट ऐकून घेतलं, मान डोलावली आणि शेवटी विचारलं, "ते सगळं खरं सर, पण काय झालं-गेलं तर फोन कुणाला मारायचा?" पुढची दोन मिनिटं निर्णायक असतात. "मला करा, मी बघतो" असं तोंडातून गेलं की तुम्ही काहीच सोपवलेलं नाही. मी त्यांचा मोबाइल मागून घेतला, तिथल्या तिथे नव्या मुलीचा नंबर 'कविता कार्यक्रम' या नावाने सेव्ह केला, तिच्याकडून त्यांना मिस्ड कॉल द्यायला लावला आणि माझ्या नावापुढचं 'कविता' पुसलं. पुढच्या वेळी बल्ब गेला तेव्हा फोन तिला गेला.

या भेटींत तुम्ही कमी बोला. पैशाचा विषय निघाला आणि समोरच्याने तुमच्याकडे बघितलं, तर तुम्ही नव्या पोरांकडे बघा. अवघडल्यासारखं होतं, होऊ द्या.

पोलीस ठाण्याचंही असंच. बंद खोलीत चार लोक जमले तर सहसा कुणी विचारत नाही, पण उघड्यावर ध्वनिक्षेपक लावणार असाल तर अर्ज लागतो, आणि रात्री दहानंतर आवाज बंद हा नियम देशभर आहे. आपल्याकडे अर्ज कन्नडमध्ये लिहिलेला असला की काम लवकर होतं. नव्या चमूत नीट कन्नड बोलणारं-लिहिणारं एक तरी माणूस हवंच. अभिमान-बिभिमान कवितेत ठेवा, ठाण्यातल्या टेबलापाशी भाषा आली पाहिजे. ज्यांना ही गोष्ट अपमानाची वाटते, त्यांच्या हाती कार्यक्रम देऊ नका. पहिल्याच अडचणीत ते भांडून येतील.

आता माणसं कोणती. बहुतेक जण आपला सगळ्यात गाजलेला कवी निवडतात, आणि मला ती निवड बहुधा चुकीची वाटते. जो जिंकतो त्याला जिंकायचं असतं, आणि ते योग्यच आहे. त्याला आयोजक केलं की एकतर तो स्पर्धेबाहेर जाऊन हळूहळू कुढायला लागतो, नाहीतर आयोजक असूनच जिंकत राहतो आणि बाकीचे कुजबुजतात. त्याऐवजी कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या कोण रचतं, वायर गुंडाळून कोण ठेवतं, नवख्या मुलाला 'पुढच्या वेळी ये' असं दाराशी कोण सांगतं, ते बघा.

माझी एक कसोटी आहे. ज्याच्यावर डोळा आहे त्याला दोन-तीन महिने वेळ मोजायला बसवा. हातात फोनचं स्टॉपवॉच आणि पुढ्यात संमेलनांमधून मुरलेले एखादे ज्येष्ठ कवी. ते प्रस्तावनेलाच दोन मिनिटं घेतात, मग कविता, मग 'अजून एक छोटीशी'. अशा माणसाला सगळ्यांसमोर 'काका, दीड गुण गेले' असं सांगायचं, आणि काका रागावले तरी चहाच्या वेळी त्यांच्याशेजारी जाऊन बसायचं. हे ज्याला जमतं, त्याला पुढचं सगळं जमतं. परीक्षक निवडणं हीही तशीच परीक्षा. बेळगावात प्रत्येक जण दुसऱ्याचा पाव्हणा, नाहीतर शाळूसोबती. त्यातून वाचणाऱ्यांपैकी कुणालाच न ओळखणारे पाच जण हुडकून त्यांच्या हाती पुठ्ठा आणि मार्कर द्यायचा, याला नजर लागते.

एकच माणूस निवडू नका. त्याच्याही अंगावर सगळं पडेल आणि तोही काही वर्षांनी हाच प्रश्न विचारत बसेल. जागा आणि परवानगी एकाकडे, कवींची यादी आणि मंच दुसऱ्याकडे, पैसे तिसऱ्याकडे. जमलं तर एक जण शहराबाहेरचा असू द्या, खानापूर किंवा निपाणीकडचा. तिकडची पोरं शेवटच्या बसच्या भीतीने कार्यक्रम अर्धा टाकून निघतात, हे त्याला आठवण करून द्यावं लागत नाही.

इथे काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या तुम्ही प्रश्नात लिहिलेल्या नाहीत. तुम्ही गाव सोडताय की गावातच राहून हे सोडताय? गाव सोडणाऱ्याला सोपं जातं, लोक आपोआप दुसरीकडे बघायला लागतात. गावात राहणाऱ्याला खडे बाजारात भाजी घेतानाही विचारणा होते. दुसरं, दमलात ते कवितांना की फोनना? नुसत्या धावपळीला कंटाळला असाल तर कदाचित सगळं सोडायची गरजच नाही, धावपळ वाटून द्या आणि सूत्रसंचालन ठेवा. आणि आतल्या कुणाशी भांडण होऊन बाहेर पडत असाल, तर आधी भांडण मिटवा, निदान थंड होऊ द्या. रागात दिलेला कार्यक्रम घेणारा तुमचा राग पण घेतो.

सगळ्यात नाजूक भाग म्हणजे जे फक्त तुमच्या डोक्यात आहे ते. प्रत्येक आयोजकाकडे न लिहिलेली एक यादी असते. अमुक माणसाला पुन्हा माइक द्यायचा नाही, कारण कार्यक्रमानंतर त्याने एका मुलीला रात्री-अपरात्री मेसेज केले होते. अमुक जण दुसऱ्याच्या कविता आपल्या म्हणून वाचतो. अमुक मुलीच्या घरी ती कविता वाचते हे माहीत नाही, तिचा फोटो पोस्टरवर घ्यायचा नाही. तुम्ही न सांगता गेलात तर पहिल्याच महिन्यात तो मेसेजवाला नव्या पोरांसमोर हसत उभा राहणार आणि ती आनंदाने त्याचं नाव लिहून घेणार. म्हणून हे सांगाच, पण तोंडी, एकेकाला बसवून, आणि जेवढं स्वतः पाहिलंय किंवा जिच्याशी घडलं तिने स्वतः सांगितलंय तेवढंच. ग्रुपवर टाकू नका. ज्या मुलीने विश्वासाने सांगितलं होतं, तिला आधी विचारा, 'हे मी पुढच्यांना सांगू का, तुझं नाव न घेता?'

त्याला लागूनच नावनोंदणीचे फॉर्म. इतक्या वर्षांत त्या शीटमध्ये शेकडो नंबर साठले असतील, त्यातले बरेच कॉलेजातल्या मुलींचे. ती शीट जशीच्या तशी पुढे पाठवू नका. नव्यांनी नवा फॉर्म काढावा, ज्याला यायचंय तो पुन्हा भरेल. व्हिडिओंचंही सांगतो. कवितेचा हक्क कवीचा असतो, चॅनेल चालवणाऱ्याचा नाही. चॅनेल दुसऱ्याच्या हाती जाण्याआधी सगळ्यांना एक निरोप टाका की कुणाला आपला व्हिडिओ काढून हवा असेल तर अमुक तारखेपर्यंत सांगा. लग्न ठरलेल्या मुलींचे निरोप येतील. वाईट वाटतं, पण कारण न विचारता काढून टाका.

पैशांचं पटकन उरकतो. प्रवेशाचे पन्नास-शंभर रुपये आजवर तुमच्याच यूपीआयवर येत असणार. शेवटच्या कार्यक्रमाआधी एका कागदावर जमा, खर्च, शिल्लक आणि माइक-स्पीकर कुणाच्या पैशाने घेतला एवढं लिहून ग्रुपवर टाका, आणि तुमचा क्यूआर दारावरून काढा. इन्स्टाग्रामला तुमचा नंबर जोडलेला असतो, तो बदलल्याशिवाय नुसता पासवर्ड देऊन उपयोग नाही, ओटीपी तुम्हालाच येत राहतात. संस्था नोंदलेली असेल, म्हणजे कर्नाटक संस्था नोंदणी कायदा १९६०खाली, तर राजीनामा सभेच्या इतिवृत्तात आला पाहिजे, पदाधिकाऱ्यांची नवी यादी निबंधकांकडे गेली पाहिजे आणि बँकेतल्या सह्या बदलल्या पाहिजेत. नोंदलेली नसेल तर केवळ तुम्ही सोडताय म्हणून नोंदवायला जाऊ नका. सात सभासद आणि दरवर्षीचा हिशेब हा नव्या पोरांना भुर्दंडच.

बॅनरची तुमची भीती रास्त आहे. आयोजक बदलतोय म्हटलं की पंधरा दिवसांत कुणीतरी 'आम्ही पाठीशी उभे राहतो' म्हणत येतो. हॉलचं भाडं आम्ही देतो, फक्त मागे एक फ्लेक्स आणि सुरुवातीला साहेबांचा छोटासा सत्कार. निवडणुकीच्या वर्षात तर नक्कीच. यावर उपाय एकच: महिन्याचा खर्च इतका लहान ठेवा की कुणाची मदत लागूच नये. तुम्ही मोठा हॉल, छापील पोस्टर, ट्रॉफी अशी सवय लावून ठेवली असेल तर सोडण्याआधी तीन-चार कार्यक्रम मुद्दाम छोटे करा. वाचनालयाची खोली, मागवलेला चहा, आणि जिंकणाऱ्याला एक पुस्तक. नवी पोरं एवढं स्वतःच्या खिशातूनही चालवू शकतील, आणि जी गोष्ट खिशातून चालते तिला नाही म्हणता येतं.

भाषेचा वाद मात्र त्यांच्यावर सोडा. तुम्ही जाताच कुणीतरी म्हणेल, आता कन्नड कविताही घेऊ. लगेच दुसरा म्हणेल, मग हे मराठीचं राहिलंच कुठे? माझं स्वतःचं मत सांगायचं तर घ्याव्यात. धारवाडचे द. रा. बेंद्रे घरात मराठी बोलणारे, आणि कन्नडमध्ये लिहून १९७३च्या ज्ञानपीठापर्यंत गेले. या भागातल्या कवींचे कान दोन्हीकडे असतातच. पण हे माझं मत झालं. जाता जाता 'हा स्लॅम कायम अमुक भाषेतच राहील' असा नियम लिहून ठेवणं म्हणजे घर विकून किल्ली खिशात ठेवण्यासारखं आहे.

कधी सोडायचं याचा इथल्या पंचांगाप्रमाणे विचार करा. नोव्हेंबर नको. डिसेंबरात सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन, गावात बंदोबस्त. जानेवारी-फेब्रुवारी गावोगावच्या संमेलनांचे, अर्धे कवी तिकडे. मार्चला परीक्षा. गणपतीत सगळी पोरं मंडळात. त्यातल्या त्यात बरे पावसाळ्याचे दोन महिने. जून-जुलैत आपल्याकडे असा पाऊस लागतो की पंचवीसही माणसं येत नाहीत, आणि नव्यांना हेच हवं असतं. कमी गर्दीत चुकायला मोकळीक मिळते, हॉलही रिकामे असतात. गणपती आटोपून गर्दी परत येते तेव्हा त्यांचा हात बसलेला असतो.

सांगताना आधी राबणाऱ्या चार-पाच जणांना सांगा, मग ग्रुपवर, आणि मंचावरून शेवटी, दोन वाक्यांत. सत्कार करू देऊ नका. आपल्या लोकांना फेटा, शाल, श्रीफळ याशिवाय माणूस सोडवत नाही, चार भाषणं होतात, कुणीतरी रडतं, आणि दुसऱ्या दिवशी गावभर होतं की स्लॅम बंद झाला म्हणे. फारच आग्रह झाला तर म्हणा, वर्षाने करा.

'मार्गदर्शक' किंवा 'सल्लागार' हे पद मागे लागेल, तेही घेऊ नका. सल्लागार ग्रुपमध्ये आहे म्हटल्यावर प्रत्येक भांडण त्याच्या दारात येतं. आयोजकांच्या ग्रुपमधून बाहेर पडा, अॅडमिनपद सोडून. निदान तीन-चार महिने कार्यक्रमाला जाऊ नका. तुम्ही मागच्या रांगेत बसलात तरी मंचावरची मुलगी प्रत्येक निर्णयाआधी तुमच्याकडे बघेल. पुढे त्यांनी तीन मिनिटांची पाच केली, गुण देणंच बंद केलं, कार्यक्रम दोन महिन्यांतून एकदा केला, तर विचारल्याशिवाय बोलू नका.

कुणीच पुढे आलं नाही तर? तर तारीख जाहीर करून शेवटचा स्लॅम घ्या, शिल्लक पैशांची पुस्तकं घेऊन वाचनालयाला द्या, आणि बंद करा. आपल्याकडे मंडळं बंद पडत नाहीत, ती 'लवकरच' या शब्दावर वर्षानुवर्षं लटकतात, आणि तेवढा काळ दुसरं कुणी नवं सुरूही करत नाही, उगाच कुणाच्या मंडळाशी स्पर्धा नको म्हणून. तारीख लावून बंद केलंत तर जागा मोकळी होते. फक्त नाव कुठल्या संस्थेला 'विलीन' म्हणून देऊ नका.

राहिली तुमची कविता. इंदिरा संत याच गावात राहिल्या, शिकवलं, आणि लिहीत राहिल्या. त्यांनी किती कार्यक्रम भरवले हे आज कुणी विचारत नाही. सोडल्या सोडल्या सुचेल असं मात्र धरून चालू नका. पहिले काही आठवडे शनिवारची संध्याकाळ नुसती रिकामी वाटते आणि हात फोनकडे जातो. आणि वाचायला गेलात तर चालेल का? चालेल, पण वर्षभराने. तोपर्यंत ते तुम्हाला स्पर्धेआधीची पहिली कविता वाचायला बोलावतील, परीक्षकांना गुणांचा अंदाज यावा म्हणून स्पर्धेबाहेर वाचतात ती. एकदा जा, दर महिन्याला नको, नाहीतर तेही पद होऊन बसतं. स्पर्धेत उतरायचं असेल तर दारात पैसे भरून नाव लिहा, चिठ्ठीत नंबर येईल तेव्हा वाचा, आणि वेळ झाली की स्टॉपवॉचवाल्या पोराला तुमचा अर्धा गुण कापू द्या.